पट्टू

हत्तुरे वकिलांच्या हापिसात मी इंग्रजी दस्त मराठीत उतरवते,
पानाला पंधरा रुपये.
या आठवड्यात बंद गिरणीच्या जागेचा करार आलाय:
लीजहोल्ड, फ्रीहोल्ड, परत लीजहोल्ड,
चौतीस पानं नुसती धराधरी.

संध्याकाळी घरकुलात पोचते तेव्हा
अम्मा उंबरठ्यावर, मांडीवर सूप.
हजारातल्या दोनशे वळायच्या राहिलेल्या.
उंबरठ्यावर बसू नये म्हणतात,
पण उजेड तेवढाच येतो आमच्याकडे.
मान वर न करता विचारते, आज काय आणलंस?
भाजीचं नाही विचारत. शब्दाचं विचारते.

सोमवारी हाउसहोल्ड नेला.
घर, आणि धर.
कोण कुणाला धरतंय पण?
ते कोशात नाही, मी म्हटलं.
तिनं पानाची कड दुमडली, नखानं आत सारली.
मग बाईनं लिहिला नसंल कोश.

थ्रेशोल्डवर ती खूष झाली.
पुढचा अर्धा मळणीतला, पायानं तुडवायचा.
मागचा अर्धा होल्डसारखा दिसतो खरा,
पण आला कुठून ते नक्की कुणालाच माहीत नाही,
मोठमोठ्या पंडितांनी हात टेकले.
तुडवायचं तेवढं ध्यानात राहिलं बघ, ती म्हणाली,
आणि बसल्या जागी जराशी सरकली,
जाणाऱ्याला वाट म्हणून.

फूटहोल्ड मला समजावून सांगावा लागला नाही.
तिचा बाप तेलंगणातून आला, खड्ड्याच्या मागावर बसला.
कमरेपर्यंत जमिनीत, पाय पावड्यांवर.
सोलापुरानं आधी एवढीच जागा दिली त्याला,
दोन पाय मावतील एवढा खड्डा.

विथहोल्डचा दिवस वाईट गेला.
तिच्या फंडाच्या कागदावर तोच शब्द होता.
विथ म्हणजे सोबत, शाळेत घोकलेलं.
जुन्या इंग्रजीत मात्र विथ म्हणजे विरुद्ध, मागं.
नरसव्वा की नरसम्मा,
एवढ्यासाठी सव्वीस वर्षांची कपात अडकून पडलीय.
मी चिडून बोलत राहिले.
ती म्हणाली, आमचा चेकर तसाच होता.
रोज विचारायचा, बाई, चहा घेतला का,
आणि शेकड्यामागं आठ विड्या
खराब म्हणून बाजूला काढायचा.
सोबतच की.

आज मी नुसता होल्ड आणला.
पाठीमागं काही न जोडलेला, उघडा.
सांगितलं, फार पूर्वी याचा अर्थ मूठ आवळणं नव्हता म्हणतात.
गुरं राखणं होता. लक्ष ठेवणं.
म्हणून बिहोल्ड म्हणजे बघणं,
हात न लावता.

ती थांबली. कात्री सुपात ठेवली.
आमच्यात पट्टू, म्हणाली.
पट्टू म्हणजे धर.
पट्टू म्हणजे रेशीम पण.

मी लगेच शहाणपणा केला:
ते दोन वेगळे शब्द असणार, अम्मा,
एक घरचा, एक संस्कृतातून आलेला,
आवाज तेवढा सारखा.

असतील, ती म्हणाली.
बापानं लग्नात एक पट्टू नेसवलं होतं मला.
विकताना किती घट्ट धरलं होतं मी,
दुकानदारानं बोटं सोडवली.
तेव्हा वेगळे नाही लागले.

मग वीज गेली.
अंधारात जर्द्याचा वास जास्तच जवळ आला.
पट्टुको, ती म्हणाली, आणि सूप माझ्या हातात दिलं.
गुडघा कुरकुरला.
चौकट धरून ती उठायला लागली,
आधी एक हात, मग दुसरा,
मग तशीच जरा वेळ, अर्धी उठलेली.
माझे दोन्ही हात सुपात अडकलेले.
मी नुसती बघत राहिले.

करारातली एकोणीस पानं अजून बाकी आहेत.